वास्तुशांतीच्या जारमधील हिरवट पाण्याबाबत आमचे उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी आमच्याकडून मागवलेल्या तीन जारपैकी एकातील पाणी हिरवे निघाले, "हे लोक नळाचेच पाणी भरून नव्वद रुपयांना विकतात, यांचा परवाना तपासा, त्यापेक्षा महापालिकेचे पाणी बरे" असे आपण फोटोसह लिहिले आहे. घरात लहान मुले असताना असे पाणी पाहून आपला जीव घाबरला असणार. त्या मनस्तापाबद्दल मी आणि माझी पत्नी मनापासून क्षमा मागतो.

मात्र आपले लिखाण वाचून कोणाचाही असाच समज होईल की पाहुणे पंगतीला बसले आणि हिरवे पाणी समोर आले. तसे घडलेले नाही. अक्षय्य तृतीयेला सकाळी पावणेआठ वाजता आमच्या मुलाने तिन्ही जार जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आणून दिले, आपल्या यजमानांनी झाकणावरचे सील पाहून वहीत सही केली, आणि त्या दिवशी किंवा पुढच्या आठवड्यातही आपला एकही फोन आला नाही. आपला फोटो त्यानंतर अठराव्या दिवसाचा आहे. त्या फोटोत जार पश्चिमेच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी उन्हात ठेवलेला दिसतो, सील काढलेले आहे, तोंडावर हाताने दाबायचा पंप बसवला आहे आणि पाणी निम्म्यावर आले आहे. हिरवा थर आहे तोही जारच्या उन्हाकडच्या बाजूलाच. ताई, मी आपल्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, पण हा अठरा दिवसांचा हिशेब आपल्या लिखाणात कुठेच नाही, आणि मला सर्वांत जास्त लागले ते तेच.

असे का होते ते सांगणे माझे कर्तव्य आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिनचा थोडा अंश मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो, मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, आणि तो वाटेत व घरच्या माठात काही काळ पाण्याची राखण करतो. आमचे पाणी वाळू व कार्बनच्या गाळणीतून, मग आरओ आणि अतिनील किरणांतून जाते आणि भरण्याआधी त्यात ओझोन सोडला जातो. ओझोन जंतू मारतो, पण तो फार टिकत नाही. म्हणून सीलबंद असेपर्यंत जारचे पाणी सुरक्षित असते, आणि एकदा झाकण उघडून हवा व पंपाची नळी आत गेली की त्याची राखण करणारे पाण्यात काहीच उरत नाही. शेवाळाचे सूक्ष्म बीज हवेतूनच येते, आणि पारदर्शक जार, वैशाखातले ऊन व अठरा दिवस मिळाले तर ते वाढतेच. उघडलेला जार सावलीत ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा, एवढेच त्याचे पथ्य.

आपल्या फोटोत बॅच क्रमांक स्पष्ट वाचता येतो. प्रत्येक बॅचचा एक नमुना आम्ही जपून ठेवतो. त्या बॅचची बाटली आपला अभिप्राय वाचल्यावर रात्री साडेदहाला पत्नीने कपाटातून काढली, दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. पाणी स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी ते तपासणीलाही दिले.

"नळाचेच पाणी" या शब्दांबद्दलही लिहिले पाहिजे. महापालिकेच्या पाण्याला मी नावे ठेवत नाही, मी स्वतः त्याच पाण्यावर वाढलो आहे. पण नळाच्या पाण्याच्या मानकात १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) आढळता कामा नये असे आहे, तर आमच्यासाठी तीच अट २५० मिलिलिटरला, म्हणजे अधिक कडक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्यावरची आयएसआय चिन्हाची सक्ती काढली, आणि पुढच्याच महिन्यात हे पाणी अतिजोखमीच्या अन्नपदार्थांत घेऊन वार्षिक तपासणी लागू केली. सक्ती गेली तरी आम्ही आयएसआय सोडलेले नाही. आमच्या झाकणावर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे, तो कोणीही पडताळून पाहावा. सील, बॅच व तारीख यांपैकी काहीही नसलेला थंड पाण्याचा सुटा जार वेगळा आणि आमचा वेगळा, हे लोकांच्या लक्षात येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात गुईलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, पाण्यावर संशय गेला आणि महापालिकेने काही खासगी आरओ प्रकल्प बंद केले, तेव्हा आमचा प्रकल्प चालू असूनही दोन महिने निम्मे जार घरीच पडून राहिले. त्यातून आत्ता कुठे सावरतो आहोत. आमच्याकडे चार कामगारांची घरे चालतात.

एक गोष्ट मान्य करतो. आपल्याकडे आलेला जार जुना होता, त्यावर चरे होते, आणि अशा चऱ्यांत घाण लवकर धरते. तो वापरातून काढायला हवा होता. जुने जार टप्प्याटप्प्याने बदलत आहोत, टेम्पोवर ताडपत्रीची सोय करत आहोत, आणि जार उघडल्यावर काय काळजी घ्यावी याचे पत्रकही लवकरच देऊ.

आपल्या यजमानांनी फोनवर आमच्या मुलाला "पाणीचोर" म्हटले. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि तिन्ही जार खांद्यावरून वर नेताना त्याने कुरकुर केली नव्हती. त्याबद्दल आम्ही काही मागत नाही. आपली दीडशे रुपयांची अनामत व तिसऱ्या जारचे नव्वद रुपये तो रविवारी घेऊन येईल आणि रिकामा जार परत नेईल. आपण आपल्या लिखाणात फोटोची तारीख तेवढी घालावी, ही नम्र विनंती.