कॅम्पला बोलावलं म्हणजे टीममध्ये घेतलं, असं नसतं हो

सध्या एक फॉरवर्ड मेसेज फिरतोय, की एनएचएलच्या (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग) टीमने जुलैच्या डेव्हलपमेंट कॅम्पला बोलावलं म्हणजे पोरगा टीममध्ये सिलेक्ट झाला, कोटींचा करार पक्का. साफ चूक आहे हे.

जूनअखेर ड्राफ्ट होतो, म्हणजे टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात, ३२ टीम, ७ राउंड, आणि त्यानंतर लगेच हा कॅम्प. त्यात ड्राफ्ट झालेली १८-१९ वर्षांची पोरं असतात, आणि ज्यांना कुणीच निवडलं नाही अशी नुसती इन्व्हाइटवर आलेलीही असतात. स्केटिंगचे कोच एकेकाचं वळण, ब्लेडची कड बघत बसतात, मग जिम, आहाराचं लेक्चर, बऱ्याचदा शेवटी आपसात थ्री-ऑन-थ्री मॅच. संपलं की बहुतेक जण परत ज्युनियर लीगला नाहीतर कॉलेजला. टीमची खरी निवड सप्टेंबरच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये, आणि करार ही तर वेगळीच भानगड.

अर्शदीप बैन्सचंच बघा ना, कॅनडातल्या सरेचा पंजाबी पोरगा, ड्राफ्टमध्ये नाव नाही, २०२१-२२ ला डब्ल्यूएचएल या ज्युनियर लीगमध्ये ११२ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) काढून टॉपला आला, त्याच सीझनमध्ये कुठे एनएचएलच्या व्हँकुव्हर कनक्सने करार केला, आणि एनएचएलमध्ये पहिली मॅच मिळाली थेट फेब्रुवारी २०२४ ला. एवढी सगळी गाळणी असते मधे, आणि इथे लोक इन्व्हाइटवरच पेढे वाटून मोकळे!