कपाळावरचा लोगो

सकाळी डोळे चोळत फोन उघडला तर लिंक्डइनवर एका कंपनीची कोरोनाच्या दिवसांबद्दलची पोस्ट. नाव घेत नाही, मला याच लाइनमध्ये नोकरी करायचीय अजून. "2020 मध्ये आमच्या इंजिनिअर्सनी अवघ्या आठवड्यात फेस शील्ड बनवली" वगैरे, खाली व्हायोलिन लावलेला व्हिडिओ आणि त्यात एक फोटो. तीन नर्स, चेहऱ्यासमोर प्लास्टिकच्या तीन शील्ड, तिघींच्या कपाळावर कंपनीचा लोगो.

मधली माझी ताई आहे.

दोन मिनिटं नुसता बघत बसलो आणि मग हे टाइप करायला घेतलं, त्यामुळे भाषा सांभाळून घ्या.

त्या शील्डचं खोकं आलं तेव्हा वॉर्डात सगळ्यांना खरंच आनंद झाला होता, कारण त्याआधी ताई एकच एन95 दिवसच्या दिवस वापरत होती, ड्युटी संपली की कागदी पिशवीत ठेवायची, पिशवीवर पेनने नाव आणि वार, आणि दुसऱ्या दिवशी तोच मास्क परत नाकावर. शील्ड दिसायला एकदम झकास. फोटो झाला, साहेब लोक गेले आणि दहा मिनिटांत आतून वाफ धरली. चष्म्यावर नीट बसेना. मान खाली घातली की घसरून पुढे यायची. आता सलाईन लावताना मान खालीच घालावी लागते ना हो! एका आजोबांची शीर सापडेना, दोनदा टोचलं, शेवटी तिने शील्ड डोक्यावर सरकवली आणि नुसत्या मास्कवर काम केलं. ती आजही त्या आजोबांच्या हाताबद्दल बोलते, केवढा सुजला होता म्हणून. शील्डचा विषयसुद्धा काढत नाही.

बनवणाऱ्यांपैकी एकाने तरी तिला आधी विचारलं होतं का, की बाई तू दिवसभर नेमकं काय करतेस?

आता कमेंटमध्ये कोणीतरी येणार की "तेव्हा विचारायला वेळ कुठे होता". होता. मार्च 2020 मध्ये इटलीत ब्रेशियाजवळ चियारीच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनचे व्हॉल्व्ह संपले, तेव्हा इसिनोव्हा नावाच्या छोट्याशा कंपनीतली माणसं हॉस्पिटलमध्ये गेली, व्हॉल्व्ह हातात घेऊन मापं काढली, थ्रीडी प्रिंटरवर छापला आणि चालतोय का ते तिथेच नेऊन बघितलं. मग रेनातो फावेरो नावाचे एक रिटायर्ड डॉक्टर त्यांना म्हणाले की समुद्रात पोहायचा तो पूर्ण चेहरा झाकणारा मास्क असतो ना, त्याला जोडणी करून पेशंटला लावता येईल का? डेकॅथलॉनने त्यांच्या मास्कचं ड्रॉइंग देऊन टाकलं आणि काम झालं. म्हणजे कल्पना डॉक्टरची, कंपनीने ऐकलं. एवढंच तर मागतोय.

थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या प्रागच्या प्रुसा कंपनीने तीन दिवसांत शील्डचं डिझाइन केलं आणि फाइल सगळ्यांसाठी खुली करून टाकली, ज्याच्याकडे प्रिंटर त्याने छापा. अ‍ॅपलचा मी काही भक्त नाही, त्यांच्या वायरी तुटून तुटून जीव गेलाय, पण त्यांची शील्ड सपाट यायची, एका खोक्यात 100, दोन मिनिटांच्या आत जोडून व्हायची, डोक्याप्रमाणे कमीजास्त करता यायची. पहिली खेप गेली कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांत, तिथल्या डॉक्टरांना चालतेय म्हटल्यावर मग आठवड्याला 10 लाख शील्डच्या गोष्टी. कोणीतरी डोकं लावलं होतं की ट्रकमध्ये हवा भरून पाठवायची नाही. जपानमध्ये शार्पने तर एलसीडी पॅनलच्या कारखान्यातल्या क्लीन रूममध्ये मास्क बनवले, ऑनलाइन विकायला ठेवल्याबरोबर साइट झोपली आणि त्यांच्याच इंटरनेटवाल्या घरगुती उपकरणांनाही लॉगिन होईना. (हे वाचून मी तेव्हा खूप हसलो होतो, आणि हसू येण्यासारखं तेव्हा फारसं काही नव्हतं.)

आणि दुसरं टोक बघा. रेझर, गेमिंगचे कीबोर्ड-माऊसवाली. 2020 मध्ये त्यांनी साधे सर्जिकल मास्क बनवून वाटले, छान केलं. पण 2021 मध्ये काय आणलं तर झेफर, पारदर्शक मास्क, आत पंखे, रंगीत लाइटी, आणि जाहिरातीत "एन95 ग्रेड". तपासणीला पाठवलाच नव्हता कुठे! शेवटी 2024 मध्ये अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने लोकांचे जवळपास 11 लाख डॉलर परत द्यायला लावले. एन95 म्हणजे काय शर्टाचा साइज आहे का? 0.3 मायक्रॉनचे कण, त्यातले निदान 95 टक्के अडवायचे, त्यासाठी आतल्या मेल्टब्लोन (प्लास्टिक वितळवून, फुंकून बनवलेल्या) कापडाला स्थिर विजेचा चार्ज द्यावा लागतो, त्या चार्जिंगवर पीटर त्साई नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं घालवली आणि 2020 मध्ये रिटायर झालेला असूनही परत कामाला लागला. आणि एवढं करूनही गालाशी फट राहिली की संपलं, हवा तिथूनच आत. ताईच्या नाकावर जो काळा व्रण कितीतरी दिवस होता तो ती फट राहू नये म्हणून होता. आणि हे लाइटी लावतायत.

हां, मान्य आहे, 2020 च्या तीन मार्चला डब्ल्यूएचओ सांगत होतं की महिन्याला 8 कोटी 90 लाख मेडिकल मास्क लागतील आणि सरकारांची गोदामं रिकामी होती, कोणीतरी धावायलाच हवं होतं, आणि काहीच नसण्यापेक्षा वाकडीतिकडी शील्ड बरी. बास, एवढंच मान्य.

कारण ताईच्या वॉर्डला शेवटी शील्ड दिली ती एका कॉलेजच्या पोराने. स्वतःचा प्रिंटर, घरातच. गेटबाहेर लांब उभा राहून ओरडून विचारायचा, "सिस्टर, कुठे टोचतंय?" ताई सांगायची कपाळावर, कानामागे, चष्म्याची काडी अडकते. तो फोनवर लिहून घ्यायचा आणि दोन दिवसांनी नवीन पट्टी घेऊन हजर. चार वेळा बदलली त्याने. पट्टी खरबरीत, कडा ओबडधोबड, पुढे साधी पारदर्शक ओएचपी शीट. ती अजून तिच्या कपाटात आहे, मी हातात घेऊन बघितलीय, आतल्या बाजूने मधोमध तिने पेनने नाव लिहिलंय, तिथे त्याने मुद्दाम जागा सपाट सोडली होती. लोगो लावायचं त्या पोराला सुचलं नसेल बहुतेक.

आणि मी? मी तो तीन नर्सवाला फोटो 2020 मध्ये स्वतः सगळ्या ग्रुपवर फिरवला होता. "प्राउड ऑफ माय इंडस्ट्री" लिहून. ताईला फोन करून तू कशी आहेस विचारायच्या आधी फोटो फॉरवर्ड केला होता. त्यामुळे फार वर तोंड करून बोलायचा मला हक्क नाही, तरी बोलतोय.

कंपनीच्या पोस्टखाली मी कमेंट केली की मधली नर्स माझी बहीण आहे. त्यांच्याच अकाउंटवरून लाइक आलं आणि दोन हात जोडलेले.

हे लिहीत असतानाच ताईचा मेसेज आला, तिला लिंक पाठवली होती. म्हणते, "अरे तो फोटो! शील्ड बसत नव्हती म्हणून चष्मा काढायला लावला होता त्यांनी. मला तर कॅमेरा कुठेय तेही दिसत नव्हतं, बाजूची म्हणाली हस म्हणून हसले."