'पाब्लो हनी'ची दुसरी बाजू

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला तीन ठिकाणांहून आला. मथळा: 'रेडिओहेड ऐकायला कुठून सुरुवात करावी?' (रेडिओहेड म्हणजे ऑक्सफर्डचा इंग्रज रॉक बँड.) मजकूर थोडक्यात असा. 1993चा पहिला अल्बम 'पाब्लो हनी' सोडून द्या, थेट 1995च्या 'द बेंड्स'पासून सुरू करा. का, तर पहिल्यात 'क्रीप' सोडून ऐकण्यासारखं काही नाही, आणि तेही ढापलेलं. बाकीची गाणी म्हणजे निर्वाना या अमेरिकन रॉक बँडची नक्कल. तीन आठवड्यांत उरकलेलं काम. त्यात खरं दुःख नाही, कॉलेजच्या पोरांची कुरकुर आहे. आणि शेवटचा हुकमी पत्ता: बँडनेच त्यावर पाणी सोडलंय, मग तुम्ही कशाला वेळ घालवता?

पाठवणाऱ्यांपैकी एक माझा भाचा. त्याला फोन लावला. "तू ऐकलायस का रे?"

"क्रीप ऐकलंय की, मामा. बाकीचं कशाला ऐकू? त्यात लिहिलंय ना."

आता यावर लिहिणं भाग होतं.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. हा अल्बम माझ्याकडे आला तो साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर, मुंबईच्या मावसभावाने भरून दिलेला. अल्बम 42 मिनिटांचा. पहिल्या बाजूच्या तीस मिनिटांत नऊ गाणी जेमतेम बसली, नववं संपता संपता खट्‌ करून बटण वर यायचं. उरलेली तीन दुसऱ्या बाजूला. त्यानंतर अठरा मिनिटं मोकळी, आणि मोकळी टेप वाया घालवणं आमच्या वडिलांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तिथे भीमसेनांचे अभंग भरून घेतले. पहिली बाजू मी 'क्रीप'साठी मागे-पुढे करून इतकी झिजवली की वर्षभरात तिथला आवाज पाण्याखालून आल्यासारखा डुलायला लागला. दुसरी बाजू मात्र ठणठणीत होती. नाइलाजाने ती ऐकायला लागलो. त्यामुळे या बँडशी माझी खरी ओळख झाली ती शेवटच्या तीन गाण्यांतून, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याची पहिल्या दोनांतून. भांडण एवढंच आहे.

'एकच गाणं' हा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सगळे याच खुंटीला टांगलेले आहेत. ही समजूत कुठून आली ते कळतं. 'क्रीप' सप्टेंबर 1992मध्ये सिंगल म्हणून आलं तेव्हा ब्रिटनमध्ये आपटलं. बीबीसीच्या रेडिओ वनला ते फार उदास वाटलं. मग ते इस्राएलच्या रेडिओवर चाललं, मग अमेरिकेत, आणि वर्षभराने ब्रिटनमध्ये पुन्हा काढलं तेव्हा 7व्या क्रमांकावर गेलं. अल्बम मधल्यामध्ये, 22 फेब्रुवारी 1993ला, येऊन बसला होता. ब्रिटनमध्ये त्याची मजल 22व्या क्रमांकापर्यंत, अमेरिकेत 32व्या. म्हणजे बहुतेकांनी गाणं आधी ऐकलं आणि अल्बम घेतला तो त्या गाण्याचं खोकं म्हणून. त्यात 'क्रीप' दुसरं. ते संपलं की 'हाऊ डू यू?' नावाचा आरडाओरडा सुरू होतो आणि हात आपोआप रिवाइंडकडे जातो. पुढची नऊ गाणी न ऐकता राहिली याचं निम्मं खापर मी गाण्यांच्या क्रमावर फोडेन.

त्या नवांतली सगळीच थोर आहेत असं मी म्हणत नाही. 'व्हेजिटेबल' आणि 'रिपकॉर्ड' एकामागून एक लागली की कुठलं कुठे संपलं ते माझ्याही लक्षात राहत नाही. पण अकरावं गाणं, 'लर्गी', घ्या. लर्गी म्हणजे इंग्रज पोरांच्या खेळातला खोटा आजार, 'याला शिवू नका, लागण होईल' असल्या चिडवाचिडवीतला. तीन मिनिटांचं गाणं, शब्द अगदी मोजके. गाणारा सांगतो की मी आता बरा आहे, ठणठणीत आहे. आणि आवाज असा की शेजारच्या काकूंनी ऐकलं तर थर्मामीटर घेऊन येतील. गिटार एक-एक तार वेगळी वाजवत राहते, घाई नाही, ओरडणं नाही. पुढे 'ओके कॉम्प्युटर' या अल्बममध्ये ज्या शांत, थिजलेल्या उदासीसाठी जग यांच्या पाया पडलं, ती इथे 1992 सालीच अंथरुणावर बसलेली आहे.

आणि मग 'ब्लो आउट'. शेवटचं, पावणेपाच मिनिटांचं. सुरुवातीला फिल सेल्वेचे ड्रम लॅटिन जॅझसारखे हलके, जवळजवळ डोलणारे. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं मावसभावाने चुकून दुसरंच काहीतरी भरलं. आवाज हळूहळू चढत जातो, तिन्ही गिटार एकमेकींवर रचल्या जातात, आणि शेवटचं मिनिटभर सूर कुठला, गोंगाट कुठला हे वेगळं काढता येत नाही. जॉनी ग्रीनवुड पुढे गिटारमधून जे काही विचित्र आवाज काढणार होता त्याची ही पहिली ठिणगी. माझ्या कॅसेटवर हा गोंगाट संपून चार सेकंद शांतता असायची आणि मग भीमसेनांचा तानपुरा. मला आजही 'ब्लो आउट' संपलं की कान तानपुऱ्यासाठी थांबतात.

ढापल्याच्या आरोपाला फार जागा देत नाही. 'द एअर दॅट आय ब्रीद' या जुन्या गाण्याशी 'क्रीप'ची चाल जुळते, हे खरं. म्हणूनच त्या गाण्याचे कर्ते अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांची नावं 'क्रीप'च्या श्रेयात आहेत. नाव लावून, वाटा देऊन झालेल्या गोष्टीला चोरी म्हणत नाहीत.

निर्वानाची नक्कल? त्यांचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम 1991च्या सप्टेंबरमध्ये आला. पुढच्या वर्षी गिटार हातात घेतलेल्या कुणावर त्याची सावली पडली नाही? पण कडवं हळू आणि ध्रुवपद दणक्यात ही युक्ती निर्वानाची नव्हेच, ती बॉस्टनच्या पिक्सीज या बँडची, आणि आपण पिक्सीजची नक्कल करू पाहत होतो हे खुद्द निर्वानाच्या कर्ट कोबेनने कबूल केलेलं आहे. रेडिओहेडही पिक्सीजचे भक्त. निर्माते शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी हेही बॉस्टनचेच. तेव्हा फार तर असं म्हणा की दोन शिष्य एकाच गुरूकडे शिकले. 'स्टॉप व्हिस्परिंग' तर साडेपाच मिनिटं पायरीपायरीने चढतं, त्यात निर्वाना औषधालाही नाही. तिथे कुणाची आठवण आलीच तर यू-टू या आयरिश बँडची येते.

नक्कल करणारा माणूस ताल सरळ ठेवतो. इथलं पहिलंच गाणं 'यू' बघा. आपल्या दादऱ्यासारख्या सहा-सहा मात्रा चालतात. तीन आवर्तनं सहाची, आणि चौथ्याला एक मात्रा गिळलेली. सहा, सहा, सहा, पाच. तेवीस. हे मी भाच्याला सांगितलं नाही. तो गणपतीत ढोलपथकात वाजवतो, ताल त्याच्या मनगटात आहे. परवा संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीसारखे अडकलो होतो, मी गुपचूप 'यू' लावलं. तो डॅशबोर्डवर बोटांनी ठेका धरायला लागला. एक, दोन, तीन आवर्तनं छान गेली आणि चौथ्याला त्याचा हात हवेत राहिला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, गाडी हलली की गाणं हललं?" गाडी कुठली हलतेय. द्वारकेला!

तीन आठवड्यांचा मुद्दा खरा आहे आणि त्यातून सिद्ध काहीच होत नाही. ऑक्सफर्डशरमधल्या चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं, जेमतेम तीन आठवड्यांत. पण गाणी तीन आठवड्यांत लिहिलेली नव्हती. ही पाच पोरं शाळेपासून एकत्र वाजवत होती, दर शुक्रवारी सराव म्हणून बँडचं तेव्हाचं नावच 'ऑन अ फ्रायडे'. 'यू', 'थिंकिंग अबाउट यू' आणि 'प्रूव्ह युवरसेल्फ' मे 1992च्या 'ड्रिल' या ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, आधीच येऊन गेली होती. आपल्याकडे बारा महिने रियाज करून अर्ध्या तासात बैठक जिंकणाऱ्याला आपण 'उरकलं' म्हणतो का? बीटल्सनी त्यांच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात मुद्रित केली, आणि ती कुणी कच्ची म्हणून बाजूला ठेवत नाही. राहता राहिलं 'क्रीप'. निर्माते खरं तर वेगळ्याच दोन गाण्यांवर डोकं फोडत होते, त्यातलं एक 'लर्गी'. ते काही जमेना, म्हणून सहज हे वाजवून घेतलं, आणि एका टेकमध्ये झालं. घाईची मेहेरबानी म्हणा हवं तर.

आता कुरकुर. बँडमधला सगळ्यात धाकटा, जॉनी, अल्बम आला तेव्हा 21 वर्षांचा होता. गायक थॉम यॉर्क 24चा. तेव्हा 'पोरं' हे कबूल. पण दुःख खरं की खोटं हे वयावर नाही, सुरावर ठरतं, आणि ते तपासायला घरात पेटी असली की पुरे. पांढरी पाचचा सा धरा. 'क्रीप'मध्ये चारच कॉर्ड गोल गोल फिरतात, संपूर्ण गाणंभर. बाकीची बोटं काय करतात ते सोडा, आतला एकच स्वर पकडा. पहिल्या कॉर्डला पंचम. दुसरीला कोमल धैवत. तिसरीला शुद्ध धैवत. चौथीला पुन्हा कोमल. आणि फिरून पंचम. दोन पायऱ्या चढायच्या, तिथे क्षणभर उजेड दिसतो न दिसतो तोच एक पायरी खाली, मग आणखी एक, आणि पुन्हा होतो तिथेच. कॉलेज रोडच्या प्रत्येक ओपन माइकला कुणीतरी हे गाणं गातंच, डोळे मिटून, दंडाच्या शिरा ताणून, आणि ऐकणारे ध्रुवपदाची वाट बघत बसतात. पण गळा दाटतो तो त्या चौथ्या कॉर्डला, जिथे कोणी ओरडत नसतं. नुसती कुरकुर करायची तर धैवत कोमल करायची गरज पडत नाही.

ध्रुवपदाआधी गिटारचा तो खाट्‌-खाट्‌ आवाज येतो, त्याची गोष्टही इथेच सांगायला हवी. जॉनीला गाणं फार मिळमिळीत वाटत होतं, म्हणून त्याने वैतागून तारांवर हाणलं. बँडमधल्या एकाला गाणं आवडत नव्हतं आणि तेच त्याच्या हातून गाण्यात उतरलं. स्वतःचीच लाज वाटणाऱ्या माणसाच्या गाण्याला यापेक्षा योग्य वाजवणारा कुठे मिळाला असता!

राहिला हुकमी पत्ता. बँड 'क्रीप'ला कंटाळला होता यात शंका नाही. 1994चं 'माय आयर्न लंग' हे गाणं त्या कंटाळ्यातूनच आलं: जगवणारं आणि त्याच वेळी जखडून ठेवणारं श्वासाचं यंत्र. पण पाणी सोडलेल्या गोष्टीकडे माणूस परत येत नाही. हे आले. 2001मध्ये स्वतःच्या गावात, ऑक्सफर्डच्या साउथ पार्कमध्ये त्यांनी 'क्रीप' वाजवलं, 2017मध्ये ग्लास्टनबरीला वाजवलं. बाकीची गाणी क्वचित येतात, ते मान्य. आणि समजा कधीच आली नसती, तरी? कलाकाराला स्वतःचं पहिलं काम बघून अवघडायला होतं, तसं आपल्यालाही आपले दहावीचे फोटो बघून होतं. फोटो खोटा ठरत नाही.

नाशिककराला हे समजावायला लागू नये खरं तर. गंगापूर रोडवर कुसुमाग्रज स्मारकात येणाऱ्या कुणालाही पहिला संग्रह विचारा, दहातले आठ 'विशाखा' म्हणतील. 'विशाखा' 1942चा. त्याच्या नऊ वर्षं आधी, 1933मध्ये, 'जीवनलहरी' आला होता. तो 'विशाखा'एवढा मोठा नाही, कुणी तसं म्हणतही नाही. पण 'जीवनलहरी वाचू नका' असा फॉरवर्ड मला अजून तरी आलेला नाही.

भाच्याला मी शेवटची तीनच गाणी पाठवली, बारा मिनिटांची. त्यावर अजून काही उत्तर नाही, निळ्या टिका मात्र आल्यात. अल्बमच्या विचित्र नावाबद्दल त्याने आधीच विचारलं होतं: ते फोनवर लोकांची फिरकी घेणाऱ्या जर्की बॉइज नावाच्या अमेरिकन जोडीच्या एका कॉलमधून उचललेलं आहे, त्यात गहन काही नाही.

आणि एका बाबतीत फॉरवर्डवाल्याला पूर्ण मार्क. 'हाऊ डू यू?' खरंच वाईट आहे. पण ते दोन मिनिटं बारा सेकंदांचं आहे; पुढे ढकलायला फोन हातात घेईपर्यंत निम्मं संपलेलं असतं.