शुक्रवारी सहाला

आमच्या अमळनेरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर शास्त्रीय संगीतावरून जुंपली होती. कुणीतरी मैफलीतल्या रिकाम्या खुर्च्यांचा फोटो टाकला आणि ठिणगी पडली. एका गटाचं म्हणणं, संथ लयीतला लांबलचक विलंबित ख्याल आता कोण ऐकतो, वीस मिनिटांत आटपा, जोडीला दोन सिनेमाची गाणी ठेवा, मग पोरं येतील. दुसरा गट म्हणाला, ज्यांना राग कळत नाही त्यांनी येऊच नये. या हाणामारीत एका मैत्रिणीनं अहिराणीत एकच ओळ लिहिली, "माले त्यामा काही समजत नही, पन ऐकाले आवडस." तिला कुणी उत्तरच दिलं नाही. मी देतेय.

मी नऊ वर्षं जर्मनीत, लाइपझिगला राहते. आले तेव्हा युरोपच्या शास्त्रीय संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. याच गावात योहान सेबास्टियन बाख हा संगीतकार १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत थॉमस चर्चच्या संगीताची जबाबदारी सांभाळत होता. त्या चर्चमध्ये आजही शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला गायन होतं. दारात थोडे युरो देऊन पत्रिका घ्यायची, तेच तिकीट. गाण्याचे शब्द त्यात छापलेले असतात. माझी ऑफिसातून घरी जायची वाट तिथूनच, म्हणून थंडीच्या दिवसांत टेकायला आत शिरायचे. वर्षभर काही झालं नाही. सूर कानावरून जायचे, मी छताकडे बघत बसायचे.

मग आजी गेली. विमान, मुंबई, रेल्वे करत अमळनेरला पोचेपर्यंत राख सावडून झाली होती. ओट्यावर बायका गळ्यात पडून हेल काढून रडत होत्या. रडता रडता आजीनं कुणाच्या बाळंतपणात काय केलं, कुणाला कोणतं लुगडं दिलं, ते सांगायच्या आणि फिरून त्याच ओळीवर यायच्या. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

परत आल्यावर ईस्टरच्या आधी बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' ऐकलं. येशूच्या मरणाची कथा गाण्यांतून सांगणारा, तीन तासांच्या आसपासचा मोठा पसारा. त्यात एक जागा आहे. येशूचा शिष्य पेत्र तीनदा 'मी याला ओळखत नाही' म्हणतो, कोंबडा आरवतो आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो. मग एकटं व्हायोलिन सुरू होतं. खाली जाड तारा बोटांनी छेडल्या जातात, कुणी जड पावलानं चालावं तशा. आणि खालच्या पट्टीतला आवाज गातो: दया कर, माझ्या देवा, माझ्या आसवांकडे बघून. शब्द थोडेच, पण ते सहा-सात मिनिटं चालतं. तीच ओळ, पुन्हा तीच, दरवेळी वेगळ्या जागी मोडलेली. हे मी ऐकलंय, असं वाटलं. ओट्यावर ऐकलंय. आजीसाठीचं रडू मला तिथं, अनोळखी माणसांच्या बाकावर फुटलं.

नंतर वाचलं, बाखच्या वाट्यालाही हेच आलं होतं. १७२० साली तो तेव्हा ज्याच्या पदरी होता त्या संस्थानिकाबरोबर कार्ल्सबादला गेला होता. परतला तेव्हा बायको मारिया बार्बारा वारली होती, तिला पुरूनही झालं होतं. एकट्या व्हायोलिनसाठीच्या त्याच्या रचनांच्या हस्तलिखितावर हेच साल आहे. त्यातली 'चाकोन' ही रचना तिच्या शोकात लिहिली असं काही जण सांगतात. तसा पुरावा नाही, आणि ती ऐकायला मला तो लागतही नाही. नवख्या माणसानं ती आवर्तन समजून ऐकावी. चार मात्रांचा नाही, चार मापांचा (इथं एक माप तीन मात्रांचं) छोटा साचा साठाहून जास्त वेळा फिरून येतो आणि दरवेळी काहीतरी नवं घेऊन येतो. तबल्याचा ठेका ज्याच्या कानात आहे त्याला हे सांगावंही लागत नाही.

म्हणून मला ग्रुपवरचे दोन्ही गट पटत नाहीत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या ओव्या ऐकताना गहिवरायला आपण कधी छंदशास्त्र शिकलो नाही. काकड्याला उठलेल्या, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी ऐकलेल्या माणसाला कान नाहीत असं कोण म्हणेल? कापून छोटं करणं मात्र मला मान्य नाही. छोटंच हवं तर मुळातच छोटं असलेलं ऐकवा. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' ही भैरवी जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत मावते, पण तिथं काही कापलेलं नाही. मैफल कापली की पहिला जातो तो आलाप, आणि गलबलून येतं ते बहुधा तिथंच.

इथं सगळंच हेवा वाटावं असं नाही. चर्चमध्ये शेजारचा डोळे पुसतो, पण हूं की चूं करत नाही. आपल्याकडे पुढचा म्हातारा 'वाह' म्हणतो, मान डोलावतो आणि मागच्या पोराला कळतं की आत्ता काहीतरी झालं. ही शिकवण पुस्तकात नाही आणि लाइपझिगमध्येही नाही. तिथं मी फार एकटी पडते.

पण ठरलेली वेळ मात्र आपण यांच्याकडून घ्यावी. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, चांगला होतो. नवख्याला मात्र वर्षातून तीन रात्री पुरत नाहीत. मला कंटाळत कंटाळत वर्ष लागलं. अमळनेरात एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, ठरलेल्या वारी, तासभर, एक तानपुरा, एक गाणारा, एकच राग, आणि हातात बंदिशीचे शब्द छापलेला कागद. महिन्यातून दोनदा जमलं तरी चालेल. पहिले सहा महिने बारा माणसं येतील, तर बाराच येऊ देत.

त्या मैत्रिणीला मी खाँसाहेबांची भैरवी पाठवली आहे. राग शोधू नकोस, रात्री कामं आटोपल्यावर एकटीनं ऐक आणि रोज तीच ऐक, एवढंच लिहिलं. काल तिचा निरोप आला: "चौथांदा आयकं. आते कोनले सांगू?"