‘पाडा आणि स्लॅबचं बांधा’ म्हणणाऱ्यांना महालातून उत्तर

सध्या नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचं लाकूड कुजलेलं, भिंती मातीच्या, आत सोयी बसत नाहीत, दुरुस्ती नव्या बांधकामाहून महाग. पाडा आणि स्लॅबचं बांधा.’ आम्ही महाल भागातलं आजोबांचं घर दुरुस्त करून त्यातच राहतोय, म्हणून हे उत्तर.

लाकूड कुजलेलं? आपल्याकडचं सागवान चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून गेलं, तेही याच पट्ट्यातलं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कुजतं ते तुळईचं भिंतीत दडलेलं टोक, कारण फुटक्या कवेलूंतून (कौलांतून) वर्षानुवर्षं पाणी तिथेच मुरतं. आमच्या सुताराने प्रत्येक टोक हातोडीने ठोकून पाहिलं. जिथे पोकळ आवाज आला, तिथे गिरमिटाने भोक पाडून आतला भुसा बघितला. अकरा तुळयांपैकी दोघींचीच टोकं गेली होती. तेवढी कापून जुन्याच सागाचा सांधा दिला आणि लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळल्या. लाकूड खरंच टाकाऊ असतं, तर घर पाडणारे ठेकेदार मजुरी मागायची सोडून उलट आपल्यालाच पैसे का देऊ करतात?

भिंती ढासळतात हे मात्र काही प्रमाणात खरं आहे, आणि पुष्कळदा त्याला आपणच कारणीभूत असतो. एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून आम्हीही पूर्वी ओसरीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. दोन पावसाळ्यांत तो फुगून पडला आणि मागची माती घेऊन गेला. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. त्यात गल्लीचा सिमेंट रस्ता थरावर थर चढत आमच्या जोत्याच्या बरोबरीला आला, त्याचं पाणी पायाशी साचायचं. म्हणून पहिला खर्च केला तो भिंतीलगत फरशीची नाली काढण्यावर. मग सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

भिंत ओळंब्यातून सुटून कलली असेल, पाया खचला असेल, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. तो पाडा म्हणाला तर हट्ट करू नये.

सोयींचं म्हणाल, तर बाथरूम आम्ही मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, स्वतंत्र पायावर उभारली, जुन्या भिंतीत एकही नळ नेला नाही. वायरिंग भिंतीवरून पाइपातून फिरवलं. एसी एकाच खोलीत आहे. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता आत सोडतो. आमच्या दीड-दोन फुटी भिंतींना आतपर्यंत तापायला वेळ लागतो, आणि कूलरची दमट हवा घराच्या मधल्या उघड्या चौकातून बाहेर पडते. कूलरच्या हवेला अशी बाहेर जायला वाट हवीच, बंद फ्लॅटमध्ये तो नुसती चिकचिक करतो.

महाग? आमच्या बाबतीत तरी नाही. भिंती, जोतं, सागवान हे सगळं जागेवर होतंच. ते नव्याने घ्यायला लागलं असतं तर आमच्या आवाक्यात नव्हतं.

शेवटी सगळे हळू आवाजात बोलतात तो मुद्दा: वाटणी. आम्ही दोन भाऊ. वरच्या मजल्याला मागून वेगळा जिना काढला, स्वयंपाकघरं दोन केली. चौक आणि ओसरी सामाईक ठेवली. आईची बंगई आजही ओसरीतल्या त्याच कड्यांना टांगलेली आहे.