शिवाच्या घरी आधी बोलायचं नसतं

शाबाथ, आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपला. तीन तारे दिसले तशी मावशीने चांगली साडी बदलली, फाडलेला ब्लाउज पुन्हा अंगात घातला आणि बुटक्या पाटावर येऊन बसली. दहा मिनिटांत बेल वाजली. ओळखीतलेच दोघं. आत आले, सोफ्यावर टेकले आणि पहिल्याने तोंड उघडलं ते हे विचारायला, "काय हो मावशी, तुमच्या लोकांनी गाझात जे चालवलंय, ते पटतं का तुम्हाला?"

मावशीचा सख्खा भाऊ सोमवारी इस्रायलमधल्या अशदोदला वारलाय. रॉकेटने नाही, झोपेत, हार्ट अटॅकने. हेही सांगावं लागतं हल्ली. चाळीस वर्षं तिकडे राहून बहिणीशी फोनवर मराठीतच भांडणारा माणूस.

मावशी काही बोलायच्या आत दुसरे सरसावले. "अहो सोडा, बरोबर करतायत. इस्रायल म्हणजे एक नंबर. आपल्याकडे असं कोणीतरी पाहिजे होतं." हसलेसुद्धा.

मावशीने पाण्याचा पेला मागितला आणि हातात धरून बसली. प्यायली नाही. ते दोघं जाईपर्यंत पेला तसाच.

आता अकरा वाजलेत आणि माझं डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

शिवा म्हणजे आमच्या सुतकाचे सात दिवस. हिब्रूतला सात, महादेवाशी संबंध नाही. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा-बायको या सात नात्यांसाठी सात दिवस बसायचं. माती पडली की मोजणी सुरू, आणि तो दिवस पहिला धरतात. सोमवारी तिकडे दुपारी एकला दफन झालं, म्हणजे ठाण्यात साडेतीन. सूर्य मावळायच्या आत झालं म्हणून मावशीचा सोमवार धरला. इकडे संध्याकाळ उलटली असती तर सगळं एक दिवस पुढे सरकलं असतं. दफन शक्यतो त्याच दिवशी होतं, त्यामुळे विमान पकडून पोचायचा प्रश्नच नव्हता. फोनवर बघितलं तेवढंच.

कपडा फाडायचा तो उभ्याने. आईबापासाठी डावीकडे, काळजाच्या बाजूला. बाकी नात्यांना उजवीकडे. कात्रीने कड कापून द्यायची आणि पुढे हाताने चार बोटं फाडायचं. बाईमाणसाला लगेच पिन लावून देतात. भावासाठी फाडलेलं सात दिवसांनी कच्च्या टाक्याने जोडता येतं, तीस दिवसांनी नीट शिवता येतं. आईबापासाठी फाडलेलं नीट कधीच शिवायचं नाही, शिवण दिसायलाच हवी. मला हा नियम सगळ्यात शहाणा वाटतो.

पहिलं जेवण सुतकातल्या माणसाच्या घरचं चालत नाही, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचं. उकडलेली अंडी आणि मसुराची आमटी. मसुराला तोंड नसतं, दुःखात बसलेल्याच्या तोंडीही शब्द नसतात, असं जुनी माणसं सांगतात. अंडी सोलून न्यावीत. सोलत बसायची ताकद त्या हातांत नसते, ती तशीच पडून राहतात आणि दुसऱ्या दिवशी फेकावी लागतात. फुलं, हार, पेढ्यांचा बॉक्स आणू नका. दरवेळी कोणीतरी आणतंच, आणि मग ते लपवायचं कुठे हा प्रश्न माझ्याकडे येतो.

दिवा सात दिवस तेवता ठेवायचा. सात दिवसांची मेणबत्ती इथे सहज मिळत नाही, म्हणून काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. सकाळ-संध्याकाळ तेल बघायचं. तेल संपत आलं की वात पाण्याला टेकते, तडतडते आणि विझते, आणि विझली की घरातली बाई हमखास रडते. पंख्याखाली तर ठेवूच नका. आमच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्यांच्या नातवंडांना दिव्यातलं तेल किती उरलंय याचा अंदाज येऊ नये, हे जरा लाजिरवाणंच आहे.

आरशांवर चादरी, चामड्याच्या चपला बंद, दाढी बंद. आणि जी गोष्ट या दोन महाशयांना कोणी शिकवली नाही ती ही: भेटायला आलेल्याने आधी बोलायचं नाही. येऊन बसायचं. सुतकातलं माणूस बोललं तर त्याच्या विषयावर बोलायचं. ते गप्प राहिलं तर आपणही गप्प बसायचं, आणि निघताना सांत्वनाचं एक ठरलेलं हिब्रू वाक्य म्हणून जायचं. सुतकातल्या माणसाने उठून पोचवायलाही यायचं नसतं.

मान्य, ते दोघं ज्यू नाहीत, त्यांना हा नियम कुठून माहीत असणार? पण मेलेल्याच्या घरी बातम्यांची चर्चा करू नये, एवढं कळायला कुठलाही धर्म लागत नाही.

माझ्या लिस्टमधले तुम्ही सगळे असं वागणार नाही हे मला माहीत आहे. पण गेली दोन-अडीच वर्षं प्रत्येक ज्यू घरी हेच चाललंय. रडायच्या आधी हिशेब द्यायचा.

७ ऑक्टोबर २०२३ घ्या, हमासने इस्रायलवर हल्ला केला तो दिवस. शनिवार, वर सिम्हात तोराचा सण. एका दिवसात जवळपास १,२०० माणसं गेली, २५१ ओलीस नेली. सणाच्या दिवशी दफन नाही. मग ओळख पटवायला दिवस गेले, काहींना आठवडे. आमच्यात प्रेताला आंघोळ घालतात आणि पांढरं, बिनखिशाचं, गाठ न मारलेलं कापड नेसवतात. पण मारून टाकलेल्या माणसाला आंघोळ नाही. रक्त त्याच्या देहाचाच भाग, म्हणून रक्ताळलेल्या कपड्यांसकट पुरायचं, आणि रक्त मातीत मुरलं असेल तर ती मातीही गोळा करून बरोबर. आणि ज्यांचं प्रेतच गाझात राहिलं त्यांच्या घरच्यांनी बसायचं कधी? शास्त्र म्हणतं, दफनानंतर, किंवा देह मिळायची आशा सोडल्यावर. आशा सोडली असं कुठली आई म्हणेल? काही घरं अधिकृत निरोप आल्यावर बसली, काहींनी देह येईपर्यंत बसायलाच नकार दिला.

गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी गावच्या व्हिव्हियन सिल्व्हर. ७४ वर्षांच्या, आयुष्यभर शांततेचं काम केलेल्या, गाझातल्या आजाऱ्यांना स्वतःच्या गाडीतून इस्रायलमधल्या हॉस्पिटलांत पोचवणाऱ्या. पाच आठवडे सगळे त्यांना ओलीस समजत होते. मग अवशेषांवरून कळलं की त्या पहिल्याच दिवशी गेल्या होत्या. ते पाच आठवडे त्या घरात पाट काढायचा की नाही, हे कोण सांगणार होतं? आणि जग मात्र ८ तारखेपासून प्रश्न विचारायला हजर. सोफ्यावर बसून.

हो, इस्रायल सरकारवर टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. मीही करते, तिकडचे माझे नातेवाईक माझ्या दुप्पट करतात.

आणि आता जे लिहितेय त्याने आमच्यातलेच काही जण रागावतील, रागावोत. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीत मृतांचा आकडा ७०,००० च्या वर गेला. इस्लाममध्येही शहीद मानलेल्याला आंघोळ घालत नाहीत, त्याच्याच रक्ताळल्या कपड्यांत पुरतात. हे वाचलं त्या दिवशी माझा हातच थांबला. ढिगाऱ्याखाली माणूस राहिलंय आणि घरच्यांनी बसायचं कधी, हा प्रश्न तिकडच्या आईलाही आहे. त्या आईच्या घरी जाऊन "हमासचं तुम्हाला पटतं का" असं जर कोणी विचारलं असेल, तर तोही माणूस आज मावशीच्या सोफ्यावर बसला होता असं समजा.

पण म्हणून असं म्हणू नका की ज्यूद्वेष वगैरे काही नसतं, सगळं राजकारण आहे. २ ऑक्टोबर २०२५, किपूरचा म्हणजे आमच्या मोठ्या उपासाचा दिवस, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर, आमच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर हनुक्काचा दिवा लावायला जमलेल्यांवर गोळीबार, १५ माणसं गेली. त्यात दहा वर्षांची पोरगी होती आणि नाझींच्या छळातून वाचलेले एक म्हातारे आजोबाही. त्या पोरीने गाझात काय केलं होतं? आणि लांब कशाला जा, २६ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाउसमध्ये काय झालं? मुंबईत अक्षरशः लाखो घरं. त्यातलं हे एक दहशतवाद्यांनी गल्लीत शोधून काढलं, कारण तिथे ज्यू होते. तेव्हापासून आमच्या सिनेगॉगांबाहेर पोलीस बसतात. लग्नाला यायचं तर पाहुण्यांना सांगावं लागतं, ओळखपत्र आणा.

महाराष्ट्रात आम्हाला कोणी त्रास दिला नाही, हे खरं आहे आणि मी ते उठता-बसता सांगते. ज्यू म्हणून कोकणात कोणी अंगावर आलं नाही. पण याच महाराष्ट्रात, खारघरला, २००६ साली हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं होतं. आमच्या लोकांनी विरोध केला तेव्हा नाव बदललं. कडक मास्तरला "हिटलर" म्हणून कौतुकाने हसणारे माझ्याही ओळखीत आहेत. द्वेष नाही तो, अडाणीपणा आहे. पण साठ लाख ज्यूंच्या मारेकऱ्याबद्दलचा अडाणीपणा दर पिढीने नव्याने का शिकायचा?

दुसऱ्या महाशयांवर मी जास्त चिडलेय, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय. पहिल्याने निदान प्रश्न विचारला. दुसऱ्याने मावशीच्या दुःखावर स्वतःची खुन्नस टांगली. "एक नंबर" म्हणजे काय हो? मुसलमान मारले म्हणून आम्ही आवडतो, एवढंच ना? तर ऐका. आमचे आजोबा-पणजोबा सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. मुंबईतलं आमचं सगळ्यात जुनं सिनेगॉग, मांडवीचं शार हारहमीम, १७९६ सालचं. त्याला आजही जुनी मशीद म्हणतात आणि शेजारचं मस्जिद स्टेशन त्यावरूनच नाव घेऊन बसलंय असं आमच्यात मानतात. बोंडायला बंदूकवाल्याच्या अंगावर रिकाम्या हाताने झेप घेऊन ती हिसकावणारा माणूस कोण होता? अहमद अल अहमद, सिरियातून आलेला फळविक्रेता. गोळ्या खाल्ल्या त्याने. असलं प्रेम आमच्यावर करू नका, आम्हाला ते परवडत नाही.

बरं. पाणी पिऊन आले.

"मग आशा कशावर धरायची" असं भाचीने मघाशी विचारलं, भांडी घासता घासता. मला मोठं काही सुचलं नाही. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. यरुशलेमला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचा वेढा पडलेला, शहर आज पडणार की उद्या एवढंच बाकी, आणि यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. आणि हा घेतो! १७ शेकेल चांदी तागडीत तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. मग दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात घाल म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. तलाठी तेवढा नव्हता. ज्या जमिनीवर शत्रूची छावणी आहे तिचे कागद नीट करून ठेवतो हा माणूस.

शहर पडलंच. मंदिर जळलं. त्या मंदिराचं सुतक आम्ही अजून पाळतो. आव महिन्याच्या नवमीला उपास असतो, आणि कोकणात आमच्या बायका तेव्हा वालाचं बिरडं करायच्या म्हणून त्याचं नावच बिरड्याचा सण. अडीच हजार वर्षांचं दुःख, आणि लक्षात राहतं ते वाल सोलताना बोटं कशी काळी व्हायची ते. भाची हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

दुःखालाही मोजमाप घालून दिलंय आमच्यात. रडायला तीन दिवस, गुण आठवायला सात, केस न कापायला तीस. आईबापासाठी काडिश, म्हणजे मेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, अकरा महिने. बारा का नाही? कारण बारा महिने शिक्षा दुष्टांना असते, आणि आपला बाप दुष्ट होता असं कोणत्या लेकराने सुचवायचं? त्या काडिशमध्ये मरणाचा एक शब्द नाही, सगळी देवाची स्तुती. आणि ते एकट्याने म्हणताच येत नाही, दहा लागतात. दहा पुरुष, म्हणजे आम्ही बायकांनी स्वयंपाकघरातून डोकी मोजायची. (यावर वेगळी पोस्ट होईल, आज नको.)

उद्या रविवार, सातवा दिवस. दिवसाचा थोडा भाग पूर्ण दिवसाइतका धरतात, त्यामुळे सकाळच्या प्रार्थनेनंतर मावशीला उठवायचं. जमलेल्यांनी "उठा" म्हणायचं, मग तिला खाली नेऊन बिल्डिंगला एक चक्कर. तिच्या मनात असो वा नसो, उठायचं.

पाट, चटया आणि आरशांवरच्या चादरी मी न्यायला येईन. दिव्यात तेल सकाळपर्यंत पुरेल, आत्ताच बघून आले. प्रार्थना सव्वासातला. मोजले तर आठच होतायत. एकजण कल्याणहून येणार आहे, पण रविवारी मेगाब्लॉक आहे, त्याला मी धरत नाही. आपल्यापैकी ज्याला जमेल त्याने मला मेसेज करा. येताना चामड्याच्या चपला नकोत, हातात काही आणू नका. आणि आत आल्यावर मावशी बोलेपर्यंत गप्प बसा.