शस्त्रे परत येतात, पण रणभूमीपर्यंत पोहोचत नाहीत

नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य शासनाने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपये मोजून विकत घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली, याचा आनंद मलाही झाला. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ अशी अक्षरे असलेली ही तलवार १८१७ मधील नागपुरातल्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत इंग्रजांच्या हाती लागली असावी, असा अंदाज आहे. तसे असेल तर तिची खरी जागा नागपूरच होय. सीताबर्डीची टेकडी आज लष्कराच्या ताब्यात असून सामान्य माणसाला वर्षातून मोजक्याच दिवशी पाहता येते, हे मान्य. पण अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, तिथून फार लांब नाही, आणि ज्या टेकडीखाली भोसल्यांचे राज्य हातचे गेले ती टेकडी पाहून आलेल्या माणसाला ती तलवार जे सांगेल, ते मुंबईच्या प्रदर्शनातील गर्दीत ती सांगू शकत नाही. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये आधी साताऱ्याला, म्हणजे प्रतापगडाच्या जिल्ह्यात गेली, हे त्या दृष्टीने योग्यच झाले. (ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याचा पुरावा नाही, असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. आपल्याकडे ते ऐकून घेण्याची कुणाची तयारी नव्हती, ही गोष्ट वेगळी.)

विमानाने येणाऱ्या शस्त्राची बातमी होते. दरीतून दोरखंडाने वर येणाऱ्या तोफेची क्वचितच होते, आणि माझ्या लेखी ते काम अधिक मोलाचे आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ले निकामी करताना अनेक तोफांच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, मेखा ठोकल्या गेल्या, काही कड्यावरून ढकलून दिल्या गेल्या. उरलेल्या दीडदोनशे वर्षे पावसात गंजत पडल्या. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांची तरुण मुले सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन या तोफा बाहेर काढतात, बुरुजावर नेतात आणि वर्गणी काढून बनवलेल्या सागवानी गाड्यांवर चढवतात. शेकडो किलोंचे ओतीव लोखंड चेनपुली आणि बांबू लावून हातहात वर सरकवताना ज्याने पाहिले असेल, तो या मुलांना नावे ठेवणार नाही.

मलाही ती ठेवायची नाहीत. तक्रार एवढीच आहे की तोफ हलवण्यापूर्वी ती नेमकी कुठे पडली होती, तोंड कोणत्या दिशेला होते, आजूबाजूला काय सापडले, याची नोंद अनेक ठिकाणी कुणी करत नाही. त्यानंतर उत्साहाच्या भरात तिला काळा ऑइलपेंट फासला जातो आणि उरलासुरला पुरावाही झाकला जातो. जुन्या इंग्रजी तोफांच्या पाठीवर वजनाचे तीन आकडे कोरलेले असतात: पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा, दुसरा क्वार्टरचा, म्हणजे २८ पौंडांचा, आणि तिसरा सुट्या पौंडांचा. अशा खुणांवरून तोफ कुठली आणि साधारण कोणत्या काळातली, याचा माग काढता येतो. रंगाच्या दोन थरांखाली ते आकडे बोटांनाही लागत नाहीत. गाडा सुंदर, तोफ चकचकीत, आणि ती कुणी कुणावर डागली हे विचारले तर उत्तर एकच: ‘शिवकालीन’.

जागेवरच्या नोंदीला मी एवढे महत्त्व का देतो, ते अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या उदाहरणावरून कळेल. १८७६ च्या त्या लढाईत तिथल्या मूळनिवासी योद्ध्यांपुढे कस्टर या अमेरिकी सेनाधिकाऱ्याची तुकडी संपली. १९८३ मध्ये वणव्याने तिथले गवत जळाले आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टरने मैदान पिंजून प्रत्येक गोळी आणि काडतुसाची पुंगळी नकाशावर नोंदवली. पुंगळीवर बंदुकीच्या फायरिंग पिनने उमटवलेल्या ठशावरून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली, हेही त्यांना सांगता आले. हीच पुंगळी कुणी खिशात घालून नेली असती आणि शंभर वर्षांनी श्रद्धेने परत आणली असती, तरी ती मुकीच राहिली असती.

आपले लिटल बिगहॉर्न म्हणजे जालना जिल्ह्यातील असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंद्यांच्या कंपूंना, म्हणजे कवायती फौजेला, गाठले. तो अनपेक्षित उतारावरून नदी ओलांडतो आहे हे दिसताच शिंद्यांच्या पलटणींनी भर लढाईत आपली फळी वळवून नवा मोर्चा बांधला. लढाई त्यांनी गमावली, शंभरेक तोफा गमावल्या, पण इंग्रजांकडील मृत आणि जखमींची संख्याही दीड हजारांवर गेली. ती वळलेली फळी नेमकी कोणत्या शेतांतून गेली, हे आज फक्त जमिनीतले गोळेच सांगू शकतात, आणि ते नांगराला लागून निघतात ते भंगारात जातात किंवा संग्राहकाच्या कपाटात. तिकडच्या एका घरात दारामागे अडसर म्हणून ठेवलेला लोखंडी गोळा मी हातात घेतला आहे. नारळाहून लहान, खरबरीत, एका बाजूने चपटा झालेला. घरमालकाला तो कोणत्या बांधालगत निघाला ते पक्के आठवत होते, पण सरकारी माणसाला सांगायची तयारी नव्हती. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवा म्हणतो, आणि शेतकऱ्याला त्यातून एकच अर्थ लागतो: शेत अडकणार.

पुरातत्त्व विभागाने असईच्या ग्रामपंचायतीत एक खोली आणि एक नोंदवही ठेवावी. जो गोळा आणून देईल त्याच्यावर कारवाई नाही, त्याचे नाव वस्तूखाली लिहिले जाईल, आणि नावाशेजारी तो सापडला त्या जमिनीचा गट नंबर. यासाठी ४७ लाख लागणार नाहीत.